मजकूर आधी, सजावट नंतर: सणावाराच्या कार्डांतून लेकरांचं लिहिणं कसं घडतं

संक्रांतीच्या आठवड्यात अंगणवाडीतून, बालवाडीतून घरी येणारी बहुतेक भेटकार्डं लेकरांनी केलेली नसतात. पतंग ताईंनी कापलेला असतो, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हेही ताईंनीच वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं. लेकराच्या वाट्याला येतं ते दाखवलेल्या जागी टिकली चिकटवणं. वीसच्या वीस कार्डं एकसारखी होतात, फोटो छान येतो, पण त्या तासाभरात लिहिण्याच्या दिशेनं लेकरू इंचभरही सरकलेलं नसतं.

हेच कार्ड नीट योजलं, तर तीन ते सहा वर्षांच्या वयात लिहिण्याची जी तयारी व्हायला हवी ती जवळजवळ सगळी त्यात बसते. कात्रीमुळं पंजात ताकद येते. चिकटवाचिकटवीत बोटं एकमेकांपासून सुटी चालायला शिकतात. नक्षी काढताना अक्षरांच्या रेषा हातात बसतात. आणि यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कार्ड कोणाला तरी द्यायचं असतं. वहीतला ‘ग’ कोणासाठीच नसतो. कार्डावरचा ‘ग’ गोदाआजीसाठी असतो. लिहिलेलं कोणीतरी वाचतं, वाचून हसतं, काहीतरी बोलतं, हे कळल्याशिवाय लेकराला लिहिण्याचं कारणच सापडत नाही.

त्यासाठी एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आतला मजकूर आधी, बाहेरची सजावट नंतर. चार वर्षांच्या लेकराचं लक्ष एका कामात दहा-पंधरा मिनिटं टिकतं. ती मिनिटं चमकी आणि टिकल्यांत गेली, की मजकुरासाठी उरतो दमलेला हात. मग मोठं माणूस म्हणतं, “दे इकडं, मी लिहून देते.” कार्डाचा सगळा फायदा तिथं संपतो.

हात कसा तयार होतो

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि एकेक करत टणक होत जातात. पाच वर्षांच्या लेकराच्या मनगटात हे काम अजून चालू असतं. पुरं व्हायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. तळहातातले बारीक स्नायूही तेवढेच कोवळे असतात. त्यामुळं पानभर ‘अ’ गिरवायला दिल्यावर लेकरू “हात दुखायला” म्हणतं, तेव्हा ती सबब नसते.

पेन्सिल धरण्याची रीतही आपापल्या क्रमानं बदलते. दीड वर्षाचं लेकरू मुठीत खडू धरतं आणि खांद्यापासून हात हलवतं. दोन-तीन वर्षांचं असताना बोटं खाली वळतात. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तिघं मिळून पेन्सिल धरतात, पण हालचाल अजून मनगटातून होते. फक्त बोटं हलवून लिहिणं पाच-सहाच्या आसपास जमतं. ही वयं ढोबळ आहेत. सहा महिने इकडं-तिकडं झाले म्हणून काळजी करायचं कारण नाही.

या तीन बोटांचा सराव आपल्याकडं पूर्वीपासून होत आलाय. रांगोळीची चिमूट, मिठाची चिमूट, कुंकवाची चिमूट, सगळीकडं हीच तीन बोटं लागतात. ज्या लेकराला चिमटीतून रांगोळीची रेघ सोडता येते, त्याला पेन्सिल कशी धरायची हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून कार्डावर चिकटवायच्या वस्तू चिमटीत येतील एवढ्याच निवडाव्यात.

रेषांनाही क्रम आहे. उभी रेघ बघून काढणं दोन वर्षांच्या आसपास जमतं, आडवी अडीचला, गोल तीनला. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी येतं, चौकोन त्यानंतर. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा जमते, साडेचार-पाचला, म्हणून त्रिकोण आणि पतंग पाचनंतरच. तिरक्या रेघेत हाताला एकाच वेळी खाली आणि बाजूला सरकायचं असतं, लेकरू तिथंच अडतं. संक्रांतीला तीन वर्षांच्या लेकरांना पतंग काढायला लावतात आणि “जमत नाही याला” म्हणतात. त्या वयात तो जमायचाच नसतो.

देवनागरीकडं या नजरेनं पाहिलं, तर कोणतं अक्षर कोणाला झेपेल याचा अंदाज येतो. ग, न, म, प, त यांत उभा दंड आहे. ट, ठ यांत गोलाई आहे. र आणि स यांना तिरकं शेपूट आहे. ळ मध्ये दोन गाठी आहेत. ‘तिळगूळ’ या एका शब्दात ळ दोनदा येतो, वर पहिली वेलांटी आणि दुसरा उकार. पुढच्या ‘घ्या’मध्ये जोडाक्षर. हे वाक्य मोठ्यांचं आहे. फळ्यावर लिहून लेकरांना उतरवायला लावलं, तर ती लिहीत नाहीत, चित्रासारखी नक्कल करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही अक्षर आठवत नाही.

अक्षर टांगायचं कुठं

इंग्रजी अक्षर ओळीवर बसतं. आपलं अक्षर ओळीला लटकतं, दाराच्या तोरणाला आंब्याची पानं लटकतात तसं. पण वहीतल्या ओळीवर सुरुवात केलेलं लेकरू ‘ग’ खालच्या ओळीवर बसवतं, वर शिरोरेषेला जागा उरत नाही, मग ती अक्षराच्या डोक्यातून जाते किंवा हवेतच राहते. बऱ्याच लेकरांचं अक्षर वाकडं दिसतं ते याच कारणानं. हात चांगला असतो, टेकू चुकीचा मिळालेला असतो.

यासाठी पाडव्याचं किंवा दिवाळीचं तोरण कार्ड करून पाहावं. ए-फोर आकाराचा जाड कागद आडवा ठेवा. वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खाली लोकरीचा धागा खळीनं सरळ चिकटवा आणि अर्धा तास वाळू द्या. आता लेकरानं धाग्याखाली आपल्या नावाची अक्षरं टांगायची. प्रत्येक अक्षराची सुरुवात धाग्याला टेकून व्हायला हवी, एवढाच नियम. धागा बोटाला लागतो, त्यामुळं नजर चुकली तरी हाताला जागा कळते. अक्षराची उंची चार वर्षांच्या लेकराला चार-पाच सेंटिमीटर, सहाव्या वर्षाला दोन सेंटिमीटर पुरते. दोन अक्षरांत एक बोट ठेवून अंतर मोजू द्या. सगळी अक्षरं झाल्यावर धाग्यावरून स्केचपेन फिरवून शिरोरेषा पुरी करायची. अक्षरांच्या मधे झेंडूची पाकळी किंवा कागदी पान येऊ द्या, पण अक्षरं झाल्यावरच.

धागा सैल राहिला तर शिरोरेषा लाटेसारखी होते. दोन्ही टोकं कागदाच्या मागं वळवून चिकटवली की ताण टिकतो.

आत काय लिहायचं

तीन वर्षांच्या लेकराच्या गिरगोट्यांना लेखन म्हणायचं का? म्हणायचं. फक्त त्याला विचारायचं, “काय लिहिलंस?” ते सांगेल, “आजी, ये.” मग त्या गिरगोट्यांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तुम्ही लिहा: आजी, ये. गिरगोट्यांवर लिहायचं नाही, शेजारी नीटनेटकं करून दाखवायचं नाही. आपण बोललो ते कागदावर उतरलं, हे लेकरानं पाहिलं की बास.

चार वर्षांच्या लेकराकडून नावाचं पहिलं अक्षर पुरे. बाकी जागेत ते अक्षरासारखे दिसणारे आकार काढेल, उलटा ‘ग’ही काढेल. आरशातल्यासारखी उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून दिसतात. त्यावर लाल शाई नको.

पाच-सहाच्या लेकराचं लेखन सगळ्यात वाचनीय असतं. ते ऐकतं तसं लिहितं, आणि आधी व्यंजनं पकडतं. ‘मामा’ होतो ‘मम’, ‘आजी’ होते ‘आज’, ‘तू शेतात ये’ होतं ‘त शतत य’. आपल्या व्यंजनात ‘अ’ आधीच मुरलेला असतो, म्हणून काना-मात्रा नसल्या तरी लेकराला ते अक्षर पुरं वाटतं. याला चूक समजून कार्ड परत लिहायला लावू नये. काना कळायला लागला की ते स्वतःच ‘मामा’ लिहील. तोवर रोजच्या बोलण्यात “मा म्हणताना तोंड उघडं राहतं का? मग पुढं काना” एवढं सांगितलं तरी चालतं. बोलीतलं लिहिलं, ‘येळवस’, ‘माय’, ‘कवा येतीस’, तर तेही तसंच राहू द्यावं. पत्र आपल्या भाषेतच लिहायचं असतं.

लिहून झाल्यावर कार्डाची घडी घाला, आधी नको. घडी पडलेल्या कार्डावर मधला उंचवटा हाताला अडतो आणि अक्षर कडेला ढकललं जातं. पण घडीची रेघ कुठं येणार ते पेन्सिलीनं आधी दाखवून ठेवा, नाहीतर नाव नेमकं दुमडीवर येतं.

वर्षभरातली कार्डं

जूनमध्ये मृग लागला की पावसाचं कार्ड, तीन वर्षांच्या लेकरांसाठी. वर ढग तुम्ही काढून द्या. खाली पडणारा पाऊस म्हणजे उभ्या रेघा, वरून खाली. खालून वर रेघ ओढणारं लेकरू इथंच कळतं. त्याला “पाऊस ढगातून पडतो की जमिनीतून?” एवढंच विचारायचं. देवनागरीचा दंड वरून खालीच येतो, तो इथून हातात बसतो.

राखी पौर्णिमेला लिफाफा करायला लावावा, कार्ड नाही. चौकोनी कागदाचे चारही कोपरे मधोमध आणायचे, तीन चिकटवायचे, चौथा झाकण. कोपऱ्यावर कोपरा जुळवणं हे नजर आणि हात एकत्र आणण्याचं उत्तम काम आहे.

पोळ्याचं कार्ड नक्षीसाठी. बैल पुठ्ठ्यातून कापून द्या, पण अंगावर काही काढू नका. झुलीचे पट्टे लेकरानं भरायचे: एका पट्टीत उभ्या रेघा, दुसरीत ठिपके, तिसरीत लाटा, मोठ्यांसाठी चौथीत नागमोडी तिरक्या रेघा. पट्टी दोन सेंटिमीटर रुंद ठेवा. रेघ पट्टीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जाऊन थांबली पाहिजे. ठरलेल्या जागी थांबता येणं हेच लिहिण्यातलं अवघड काम. शिंगं म्हणजे दोन अर्धगोल, एक डावीकडं वळणारा, एक उजवीकडं. मग बैलाचं नाव. घरचा बैल नसेल तर शेजारच्याचा. ‘राजा’ हा पाच वर्षांच्या लेकराला सुंदर शब्द आहे: दोन अक्षरं आणि दोन्हींपुढं काना. ‘रज’ लिहिलं तर मोठ्यानं वाचून दाखवा आणि विचारा, बैल ओ देईल का?

सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तिरंगी पट्टी असते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं हे पाच वर्षांच्या लेकराला कळणार नाही. आडव्या पट्ट्यांत डावीकडून उजवीकडं रंग भरणं मात्र कळेल.

दसऱ्याला आपट्याचं पान. हे पान मधल्या शिरेवर आपोआप दुमडतं, म्हणून कार्डाची घडी शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. पानाचा ठसा घ्यायचा असेल तर ताजं पान शिरा वर येतील असं पालथं ठेवा, वर झेरॉक्सचा साधा कागद घ्या आणि मेणाचा खडू आडवा धरून घासा. जाड कागदावर ठसा उठत नाही, आणि वाळलेल्या पानाचा चुरा होतो. कागद सरकला की शिरा दुहेरी उमटतात, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं पसरून कागद दाबायला शिकवा. लिहितानाही दुसऱ्या हाताचं हेच काम असतं, आणि बहुतेक लेकरं तो हात मांडीवर ठेवून लिहितात. ठशाखाली लिहायला एकच शब्द: सोनं. ‘स’ला तिरकं शेपूट आहे, म्हणून तो पाचच्या पुढच्यांना, लहानांना नुसता ‘न’.

दिवाळीचा आकाशकंदील कात्रीसाठी. बारा सेंटिमीटरचा चौकोनी कागद मधोमध दुमडा. उघड्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर एक लाल रेघ मारा. ती थांबण्याची रेघ. दुमडीकडून दर दोन सेंटिमीटरवर लाल रेघेपर्यंत काप द्यायचे, पाच काप होतात. उघडून वरची कड कार्डावर चिकटवा, खालची कड दोन सेंटिमीटर वर सरकवून चिकटवा. पट्ट्या पुढं फुगतात आणि कंदील होतो. हमखास होणारी चूक म्हणजे लेकरू उघड्या कडेकडून कापतं आणि हातात सुट्या पट्ट्या येतात. दुमडीवर आधीच ठिपके देऊन “इथून कात्री आत” असं दाखवलं की हे टळतं. कात्री धरताना अंगठा वर, छताकडं. कोपर अंगापासून बाहेर उडत असेल तर अंगठा खाली गेलाय असं समजावं.

कात्री नवी असेल तर कंदिलावर जाऊच नका. आधी दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या द्या, एका कापात तुकडा पडेल अशा. तुकडा पडला की लेकराला काम झाल्यासारखं वाटतं. पातळ कागद कात्रीत दुमडतो आणि कापला जात नाही. सुरुवातीला पोस्टकार्डाएवढा जाड कागद सोपा जातो.

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, असते. सगळं गाव शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, जेवायला भज्जी ही मिसळीची भाजी आणि आंबील. या सणाचं कार्ड म्हणजे निमंत्रण, आणि लहान लेकराला लेखनाचा उपयोग कळायला निमंत्रणासारखं दुसरं काही नाही. त्यात कोणाला, कधी, कुठं हे सांगावंच लागतं. पाच-सहाच्या लेकराला शेताची वाट काढू द्या: शाळा, ओढा, बाभळ, विहीर, कोप. प्रत्येक खुणेशेजारी तिचं पहिलं अक्षर. हा नकाशा वाचून पाहुणा खरोखर शेतात पोचतो का, ते पाहायची सगळ्यात घाई लेकरालाच असते. कोप दोन तिरक्या रेघांची, म्हणून लहानांना त्रिकोण कापून द्यावा. वर चिकटवायला ज्वारीच्या धाटाची साल देऊ नका, तिची कड पात्यासारखी बोट कापते. वाळलेली पानं मोठ्यांनी कापून द्यावीत.

आणि संक्रांत. तिळाचं अक्षर हे या सगळ्यांतलं सगळ्यात कामाचं कार्ड, पण घाईत केलं तर नुसता पसारा.

एका कार्डावर एकच अक्षर घ्या, आठ सेंटिमीटर उंच. पांढऱ्या कागदावर पांढरे तीळ दिसत नाहीत, म्हणून लाल किंवा निळा कागद, नाहीतर काळे तीळ. अक्षर पेन्सिलीनं फिकट काढा आणि जिथून हात सुरू होतो तिथं एक लाल ठिपका द्या. समजा ‘ग’ आहे. पहिला ठिपका डावीकडच्या आकड्याच्या वरच्या टोकाला. तिथून खाली तीन-चार सेंटिमीटर एवढाच फेविकॉल लावायचा. सगळ्या अक्षराला एकदम लावला तर शेवटाला पोचेपर्यंत वर साय धरते आणि तीळ चिकटत नाहीत. लेकरानं चिमटीनं तीळ सोडायचे, बोटाच्या टोकानं दाबायचे, मग पुढचा टप्पा. आकडा झाला की दंड, वरून खाली. शिरोरेषा शेवटी. हा क्रम पाळला नाही तर लेकरू मधेच कुठूनही तीळ भरतं. कार्ड छान दिसतं, पण हाताला अक्षराची वाट कळत नाही. शेवटी कार्ड ताटात उभं धरून झटका, जास्तीचे तीळ पुढच्याला. वीस लेकरांना पन्नास ग्रॅम तीळ पुरून उरतात.

जानेवारीच्या कोरड्या हवेत तीन-चार तासांत अक्षर वाळतं. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं, त्याच क्रमानं. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं याच कामासाठी असतात. अक्षर ओळखून सांगितलं, की त्याच कार्डाच्या आत पेन्सिलीनं ते एकदा लिहायचं. इथं तेवढी सजावट आधी आली, कारण इथं सजावटच अक्षर आहे. तिळाबरोबर गूळ चिकटवायची हौस करू नये. रात्रीत मुंग्या येतात.

तीन वर्षांच्या आतल्यांना तीळ, हरभरे, मणी काहीच देऊ नये. नाकात आणि कानात जातात. त्यांना कागदाचे फाडलेले तुकडे द्या. कागद फाडणं हाही बोटांचा चांगला व्यायाम आहे.

सामान आणि बिघाड

लहान लेकराला मोठं कार्ड लागतं. चार वर्षांपर्यंत ए-फोरचा पूर्ण कागद मधोमध दुमडून, पाच-सहाला त्याच्या निम्मा. चित्रकलेच्या वहीचा १२० ते १४० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद बरा. ३०० जीएसएमची कार्डशीट लहान कात्रीनं कापली जात नाही. फुकटचं सामान म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. उन्हाळ्यानंतर प्रत्येक घरात गठ्ठा असतो. मागची कोरी बाजू वापरा, पण आधी बोटानं घासून पाहा. गुळगुळीत चकाकी असेल तर पेन्सिल उमटत नाही आणि स्केचपेन पुसलं जातं. अशा पत्रिका कापकामाला ठेवा. देवाचं चित्र असलेला भाग आधी बाजूला काढा, नाहीतर त्यावर कात्री चालवायला घरचे हरकत घेतात.

खडू तुटले तर टाकू नका. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. पेन्सिलही अर्धी करून द्यावी. लांब पेन्सिलीचं वरचं टोक जड होऊन मागं ओढतं आणि लेकरू पकड घट्ट करतं.

खळ घरी करायची तर शंभर ग्रॅम मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग सहाशे मिलिलिटर पाणी घालून मंद आचेवर ढवळा. पातेल्याच्या बुडाला पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. निवल्यावर आणखी घट्ट होते. वीस लेकरांना पुरते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. लेकरांच्या खळीत तो अजिबात नको, विष आहे. एप्रिल-मे महिन्यांत खळ संध्याकाळपर्यंत आंबते, म्हणून त्या दिवसाची त्याच दिवशी. पावसाळ्यात उलट त्रास: कागद ओल धरतो, खळ वाळत नाही आणि कार्ड पन्हाळीसारखं वाकतं. रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं की सरळ होतं.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात मेणाचे खडू मऊ पडून एकमेकांना चिकटतात. माठाजवळ, सावलीच्या कोपऱ्यात ठेवावेत. पंखा मात्र चिकटकामाच्या वेळी बंद.

कागद ठेवून लिहायला समोर पाट पुरतो. पाटाच्या लेकरापासून लांबच्या टोकाखाली एक वीट सरकवली की लिहायला उतार मिळतो आणि मनगट योग्य कोनात येतं. डावखुऱ्या लेकराचा कागद उजवीकडं कलता ठेवा, त्याला डावखुरी कात्री मिळाली तर उत्तम. आणि स्केचपेनऐवजी पेन्सिल द्या, कारण त्याचा हात लिहिलेल्यावरूनच सरकतो. हात बदलायला लावू नये.

कार्ड पोचवायचं कसं

हातात दिलं तरी चालतं, पण पोस्टानं पाठवलेल्या कार्डाची गोष्टच वेगळी. पत्ता मोठ्यांनी लिहावा: मु. पो., ता., जि. खालचे पिनकोडचे सहा आकडे मात्र लेकराचे, प्रत्येकी दीड सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखून. एका चौकटीत एक आकडा, एवढं स्पष्ट काम लहान लेकराला क्वचित मिळतं. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केली. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडचे पिन ४३१ नं सुरू होतात, लातूर-धाराशिवकडचे ४१३ नं. आजीचा आणि मामाचा पिन शेजारी ठेवून कोणते आकडे सारखे आहेत ते शोधायला लावा. पत्राच्या दराचा पहिला टप्पा वीस ग्रॅमपर्यंतचा आहे. साधं कार्ड त्यात सहज बसतं, डाळी-मणी चिकटवलेलं बसत नाही. तिळाच्या अक्षरावर जुन्या वहीचं पान ठेवूनच लिफाफ्यात घाला, शिक्क्याच्या दणक्यानं तीळ गळतात. फुगलेला कंदील पोस्टात टाकूच नका.

दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत बीड, जालना, परभणीकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि लेकरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात असतात. टोळीचा फड बदलत असतो, पत्ता नसतो. अशा वेळी कारखान्याकडं जाणाऱ्या कोणाच्या हाती किंवा मुकादमाकरवी कार्ड पाठवता येतं, आणि फोटो व्हॉट्सॲपवर. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर कार्डात चित्र हवंच, आणि लेकरानं आपलं लिहिलेलं बोट ठेवून वाचतानाचा आवाजही रेकॉर्ड करून जोडावा. लिहिलेलं पुन्हा वाचणं हा सराव एरवी कोणी करून घेत नाही.

कार्ड मिळालेल्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नुसतं “छान” म्हणू नका. लेकरानं जे लिहिलंय त्याचं उत्तर द्या, शेवटी एक प्रश्न विचारा, आणि तो मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा. ‘राजा कसा आहे?’ एवढा पुरतो. दुसऱ्या कार्डाचा मजकूर काय असावा, हे मग कोणाला सुचवावं लागत नाही.